इम्माका

टोरांटोहून आलेल्या त्या दोघांना
मी भिंतीवरचा नकाशा दाखवते.
नकाशा जुना. त्यात हिमनदीची जीभ
थेट तळ्याला टेकलेली.
पेन्सिलीने रेघ ओढते: आता इथवरच.
मागच्या उन्हाळ्याची रेघ हिच्या खाली,
त्याआधीची तिच्याही खाली.
खोडरबर ऑफिसात कधी आलंच नाही.

मग नियम. तोंडपाठ आहेत.
अस्वल दिसलं तर पळू नका.
तंबूत खाणं ठेवू नका.
नदी पहाटे ओलांडा, बर्फ झोपेत असतो तेव्हा.
(पहाट घड्याळातली. उजेड काय, रात्रभर असतोच.)
हा नियम ऊलीपीकाने लिहिला,
माझ्याआधी या खुर्चीत ती बसायची.
आता गुडघे धरून बिंगो खेळते.
यंदा पहाटेसुद्धा पाणी कमरेला लागलं.
"मग ओलांडायची केव्हा?"
मुलगी विचारते, पेनाचं टोपण काढून,
वहीत उतरवून घ्यायला.

हिवाळाभर पत्रं येतात:
कुठला आठवडा उत्तम?
बापाला विचारलं की तो खाडीकडे बघतो,
उधारी बुडवलेल्याच्या दाराकडे बघावं तसा.
पूर्वी तारीख सांगायचा,
आणि त्या दिवशी बर्फ फुटायचा.
आता म्हणतो, इम्माका.
आमच्या भाषेत, कदाचित.
फॉर्मवर त्याच्यासाठी चौकोन नाही.

स्नोमोबाईलला बर्फ पातळ, होडीला जाड,
असे मधले दहा दिवस असत.
गाव तेव्हा मोटारी खोलायचं, बूट शिवायचं,
कुणीतरी हमखास प्रेमात पडायचं.
आता ते दहाचे पंचवीस झाले, कधी चाळीस.
इतकं प्रेम कुणाला झेपणार?
पाहुणे हॉटेलात अडकून पडतात,
को-ऑपच्या दुकानात
एका सफरचंदाच्या किमतीचा फोटो काढतात.

पण जेपीटीचं ऐकायचं, तर मोसम लांबलाय.
ऑक्टोबर लागला तरी त्याची होडी चालू.
साठ हॉर्सपॉवरची मोटार घेतली,
पोरीच्या दातांना तार बसवली.
हसते तेव्हा सगळा उन्हाळा चमकतो तिच्या तोंडात.
भाचा आहे माझा. काय सांगू त्याला,
हे पैसे घेऊ नकोस म्हणून?

ऑगस्टात मोठं जहाज येतं.
दोनशे लाल जाकिटं किनाऱ्यावर उतरतात
आणि हळू आवाजात बोलतात,
आजाऱ्याच्या खोलीत आल्यासारखी.
एका म्हाताऱ्याने माझा हात धरला.
"जाण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हटलं."
कुणी जाण्याआधी, ते मी विचारलं नाही.
हात थरथरत होता त्याचा.
मी चहा दिला, साखर जास्त घालून.

दारावर उद्यानाचं नाव आहे, तीन भाषांत.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ: जे कधी वितळत नाही.
पाटी तिरकी झालीय.
पाटीची चूक नाही, खांबाखालची जमीन मऊ पडलीय.
वरच्या ऑफिसातून पत्र आलं:
पाटी सरळ करून घ्यावी, फोटो जोडावा.
मी केली. फोटो जोडला.
महिन्याभरात ती पुन्हा तिकडेच कलली,
काहीतरी ऐकायला मान वळवावी तशी.

दोघं वहीत सही करतात.
परतीची तारीख: चौदा जुलै.
मुलगा पाठपिशवीचे पट्टे आवळतो,
जोडे नवे आहेत, मला त्याची काळजी वाटते.
बाप दारात उभा, हातात पेट्रोलचा डबा.
"चौदाला घ्यायला नक्की याल ना?"
बाप भुवया उंचावतो.

आमच्याकडे याला हो म्हणतात.
पाहुण्यांना वाटतं,
त्याला नवल वाटलं.